गाडी दारात उभी, तरी पासिंगचं मीटर चालूच! हंगामी गाडीवाल्यांनी तारीख कशी सांभाळायची?

कारखान्याचा पट्टा पडला की जिल्ह्यातल्या शेकडो गाड्या घरी येतात. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, कुठल्याही तालुक्यात जा. उन्हाळ्यात वस्तीवर, गोठ्याशेजारी, लिंबाच्या झाडाखाली ट्रक, टेम्पो, पिकअप उभे दिसतात. पुढचा हंगाम दिवाळीच्या आसपास. तोवर गाडी जागेवरनं हलत नाही. डिझेल नाही, ड्रायव्हर नाही, भाडं नाही. मालकाला वाटतं, खर्चही नाही.

इथंच गफलत होते. गाडी थांबली तरी तिच्या कागदांची मुदत थांबत नाही. विमा पळतो, पीयूसी पळते आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट, म्हणजे पासिंग, तीही पळते. ऑक्टोबरमध्ये टोळी यायच्या आधी मालक कागद काढून बघतो, तर फिटनेस मे महिन्यातच संपलेलं असतं. मग आरटीओच्या दारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाडी तर उभीच होती, मग पैसे कशाचे?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर समजून घेतलं नाही तर खिशाला चाट बसते. म्हणून हे विश्लेषण.

पासिंग म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला पासिंग म्हणतो ते कायद्याच्या भाषेत योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे भाड्यावर किंवा धंद्यासाठी चालणाऱ्या प्रत्येक गाडीला ते लागतं. ट्रक, टेम्पो, पिकअप, काळी-पिवळी जीप, रिक्षा, स्कूल व्हॅन, सगळ्या त्यात आल्या. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग. आठ वर्षं ओलांडली की दरवर्षी.

आता कलम ५६ मधली खरी मेख ऐका. पासिंग नसलेली गाडी ही वैध नोंदणी असलेली गाडीच धरली जात नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असलं तरी पासिंग संपलं की कायद्याच्या नजरेत ती बिननोंदणीची गाडी. अशी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९२ लागतं. त्यात पहिल्या वेळी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड. पुन्हा सापडला तर पाच हजार ते दहा हजार, किंवा एक वर्षापर्यंत कैदसुद्धा.

घरच्या वापराच्या गाडीचं वेगळं आहे. स्वतःची कार, मोटारसायकल यांना पहिली पंधरा वर्षं पासिंगचा ताप नाही. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा गाडी तपासतात आणि पुढची पाच वर्षं मिळतात. शेतीचा ट्रॅक्टरही याच गटात, बिगर-वाहतूक वाहन. पण तोच ट्रॅक्टर भाड्यानं ऊस ओढायला लागला की ट्रॉलीचे कागद आणि वापर याबद्दल विचारणा होऊ शकते, हे ध्यानात असू द्या.

उभ्या गाडीला सूट आहे का?

थोडक्यात सांगायचं तर, करात आहे, पासिंगमध्ये नाही.

राज्याचा मोटार वाहन कर कायदा १९५८ चा आहे. गाडी काही काळ वापरणार नाही असं मालकानं आरटीओला आधी लेखी कळवलं, तर त्या काळाच्या करात सवलत मिळू शकते. याला बोलीत 'नॉन-यूज' म्हणतात. यात दोन अटी महत्त्वाच्या. पहिली, अर्ज आधी हवा. सहा महिने गाडी उभी ठेवून नंतर "ती बंदच होती" असं सांगून भागत नाही. दुसरी, गाडी जिथं उभी आहे असं लिहून दिलं तिथंच ती सापडली पाहिजे. ज्यांचा कर दरवर्षी किंवा तिमाहीला भरावा लागतो त्यांना याचा फायदा. ज्यांनी एकरकमी कर भरला आहे त्यांना फारसा नाही.

पण नॉन-यूज टाकलं म्हणून पासिंगची तारीख पुढं जात नाही. बरेच मालक इथंच फसतात. "आपण अर्ज दिलाय की," असं म्हणून निर्धास्त राहतात. कर वाचला, पण पासिंग संपलं.

एक गोष्ट मात्र मालकाच्या बाजूनं आहे. पासिंग संपलेली गाडी स्वतःच्या जागेत नुसती उभी ठेवणं हा गुन्हा नाही. गुन्हा ती चालवण्यात आहे. म्हणून गाडी आपल्या वस्तीवर, आपल्या जागेत उभी करा. रस्त्याच्या कडेला किंवा एसटी स्टँडसमोर महिनोन्‌महिने सोडून देऊ नका.

रोजचे ५० रुपये : भानगड काय आहे?

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारनं शुल्काचे नियम बदलले. त्यात एक ओळ अशी आली की फिटनेस संपल्यानंतर उशीर झालेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्क. गाडी चालू होती की बंद होती, याचा त्या ओळीत विचारच नाही.

हिशोब करून बघा. एक महिना उशीर, दीड हजार. पाच महिने, साडेसात हजार. पूर्ण वर्ष, १८ हजार २५० रुपये. दोन वर्षं रिक्षा दारात उभी राहिली तर ३६ हजार ५००. जुन्या रिक्षाला बाजारात तेवढे तरी येतील का?

या आकारणीविरुद्ध वाहनधारकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. मे महिन्यात परिवहन विभागानं वसुलीचे आदेश काढले. रिक्षा-टॅक्सीवाले राज्यभर रस्त्यावर उतरले आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं विधिमंडळात या आकारणीला स्थगिती जाहीर केली.

यात एक शब्द नीट वाचा : स्थगिती. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. नियम केंद्राचा आहे आणि राज्याच्या स्थगितीनं तो पुस्तकातून पुसला जात नाही. आज स्थगिती आहे म्हणून दोन वर्षं गाडी सोडून द्यायची आणि उद्या ती उठली तर मागची सगळी रक्कम एकदम अंगावर यायची, असा हा धोका आहे. तुमच्या गाडीला आजच्या घडीला किती रक्कम लागते ते परिवहन पोर्टलवर अर्ज भरताना स्क्रीनवर दिसतं. चहाच्या टपरीवरच्या माहितीपेक्षा तो आकडा खरा.

घरच्या गाडीलाही उशिराचं शुल्क आहे. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण लांबवलं तर मोटारसायकलला दर महिन्याला ३०० रुपये आणि कारला ५०० रुपये जादा. शिवाय मूळ शुल्क वेगळं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५ हजारांवर गेलं. मोटारसायकलचं ३०० वरून हजारावर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना आणखी वाढ झाली. कारला १० हजार, मोटारसायकलला २ हजार. धंद्याच्या गाड्यांचं पासिंग शुल्कही वयाप्रमाणे चढत जातं. म्हणजे जुनी गाडी जितकी जास्त दिवस उभी, तितकं तिला पुन्हा रस्त्यावर आणणं महाग.

तारीख कुठं पडते, त्यावर सगळं गणित

समजा, एका मालकाकडं दहा वर्षं जुना ट्रक आहे. त्याला दरवर्षी पासिंग. ट्रक ऊस वाहतुकीला लागतो, नोव्हेंबर ते मार्च. बाकीचे महिने जवळजवळ उभा. पासिंगची तारीख तीन ठिकाणी पडू शकते.

पहिली, सप्टेंबर-ऑक्टोबर. ही सगळ्यात सोयीची. हंगामाआधी गाडीचं काम निघतंच. ब्रेक, टायर, लाईट, पाटे सगळं बघून होतं, त्याच कामात पासिंगही उरकतं. फक्त एक करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. सगळ्यांनाच त्या वेळी जाग येते आणि अपॉइंटमेंट मिळत नाही.

दुसरी, डिसेंबर ते फेब्रुवारी. ही सगळ्यात घातक. टोळीला उचल दिलेली असते, ती लाखांत. गाडी एक दिवस उभी राहिली तर टोळी बसून, फडात ऊस तुटून पडलेला आणि कारखान्याची खेप हुकलेली. अशा वेळी पासिंगला नेलेली गाडी एखाद्या लाईटवरून किंवा रिफ्लेक्टरवरून नापास झाली तर दुसऱ्यांदा जावं लागतं. चार दिवस गेले म्हणजे चार दिवसांच्या खेपा गेल्या. म्हणून तारीख ऐन हंगामात असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच गाडीचं काम करून ठेवा आणि पोर्टल अर्ज घ्यायला लागलं की लगेच अपॉइंटमेंट धरा. नापास झाली तर दुसऱ्या फेरीला आठ-दहा दिवस हाताशी राहतील असं बघा.

तिसरी, एप्रिल ते जून. इथं मोह होतो. "गाडी तर आता सहा महिने उभीच राहणार, आत्ता पासिंग करून काय उपयोग? ऑक्टोबरात करू." ऐकायला बरोबर वाटतं. पण कागदावर मांडून बघा. मे महिन्यात पासिंग केलं तर ते पुढच्या मेपर्यंत चालतं, म्हणजे पुढचा अख्खा हंगाम त्यात बसतो. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तरी शुल्क तेवढंच भरायचं आहे. वाचलं काय? एका वर्षाच्या शुल्काचा थोडासा भाग, तोही एकदाच. आणि उशिराची आकारणी लागली तर जातात साडेसात हजार. शिवाय मधल्या पाच महिन्यांत अडीअडचणीला, खत आणायला किंवा आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी बाहेर काढायची सोय राहत नाही.

खरं कारण वेगळंच असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये मालकाच्या हातात पैसा नसतो. कारखान्याचं वाहतुकीचं बिल अडकलेलं, टायर झिजलेले, गाडी पासिंगला न्यायची म्हणजे आधी हजारोंचं काम काढायचं. ते पैसे पुढच्या हंगामाची उचल मिळाल्यावर येतात. अडचण खरी आहे. पण मग निदान उशीर किती रुपयांचा पडणार हे माहीत असून तो निर्णय घ्या. पाच महिन्यांच्या आकारणीत एखाद्या टायरचा नाहीतर बॅटरीचा खर्च निघतो.

स्कूल व्हॅनवाल्यांना हेच गणित उलटं. गाडी उन्हाळ्याच्या सुट्टीत उभी आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू. त्यांनी मे महिना वाया घालवू नये. पोरं गाडीत बसवायच्या आधी पासिंग हातात हवं. पंढरपूरच्या वाऱ्यांवर धंदा करणाऱ्या जीपवाल्यांनीही आषाढीच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी कागद बघावेत.

पासिंग आहे, पण गाडी ठीक आहे का?

या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मे महिन्यात पास झालेली गाडी पाच महिने पावसात उभी राहिली तर नोव्हेंबरात ती पास होण्यासारखी राहिलेली असेलच असं नाही. हँडब्रेक ओढून ठेवला तर ड्रम चिकटतो. बॅटरी उतरते. एकाच जागी वजन पडून टायर बसतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. टाकीत पाणी धरतं. कागद सांगतो गाडी तंदुरुस्त आहे, ब्रेक पेडल वेगळंच सांगतं.

म्हणून उभी करताना हँडब्रेक सोडा आणि चाकाला पुढून-मागून दगड लावा. बॅटरीची वायर काढा. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून आपल्याच जागेत गाडी थोडी पुढं-मागं घ्या. आणि पासिंग शिल्लक असलं तरी हंगामाआधी मिस्त्रीकडून ब्रेक, लाईट, स्टिअरिंग तपासून घ्या. उसानं भरलेली गाडी रात्रीच्या वेळी गावच्या रस्त्यानं जाते. मागं लाल लाईट किंवा रिफ्लेक्टर नसला की मोटारसायकलवाला थेट येऊन धडकतो. असे अपघात आपल्या भागाला नवे नाहीत.

अपघात झाला आणि त्या दिवशी पासिंग नव्हतं, तर पुढची पाच-दहा वर्षं कोर्टात जातात. विमा कंपनी शर्तभंगाचा मुद्दा काढते. परमिट नसलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं, की कंपनीनं जखमीला भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं त्याच वर्षी फिटनेस नसणं हाही मूलभूत शर्तभंग धरला. विम्याचा हप्ता वेळेवर भरूनसुद्धा लाखांची वसुली मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. पन्नास रुपये रोजच्या पुढचा हा खरा धोका आहे.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी

काही गाड्या हंगामासाठी नाही, तर कायमच्याच उभ्या असतात. मालक आजारी, मुलगा पुण्याला नोकरीला, चालवायला कोणी नाही. किंवा वडील वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. गाडी विकायला मन होत नाही.

भावना समजण्यासारखी आहे, पण कागद भावना बघत नाहीत. मालकाचा मृत्यू झाला तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. ते न करता गाडी तीन-चार वर्षं उभी राहिली, की विमा नाही, पासिंग नाही, नाव नाही आणि गिऱ्हाईकही नाही. वर्षभरात गाडी चालवणार नाही असं दिसत असेल तर आत्ताच ठरवा. चालवायची असेल तर कागद चालू ठेवा. विकायची असेल तर पासिंग शिल्लक असताना विका, भाव बरा येतो. आणि भंगारात घालायची असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. गावातल्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकली तर कागदावर मालक तुम्हीच राहता.

आता काय करायचं?

एक. आजच मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. पासिंग, विमा, पीयूसी, कर या चारही तारखा वहीत लिहा.

दोन. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर तपासा. गाडी घेताना एजंटानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो. मग मुदत संपल्याचे मेसेज त्याला जातात, तुम्हाला नाही.

तीन. क्रम पाळा. आधी विमा, मग पीयूसी, थकलेला कर आणि ई-चलन, मग पासिंग. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेटही बसवून घ्या. आधीचं एक जरी राहिलं तरी अकलूज किंवा सोलापूरची फेरी फुकट जाते.

चार. विमा संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर नो क्लेम बोनस जातो. गाडी उभी आहे म्हणून विमा सोडू नका. उभ्या गाडीलाही आग लागते, उभी गाडीही चोरीला जाते.

पाच. पासिंग संपलेली गाडी तपासणीला चालवत नेऊ नका. दुसऱ्या गाडीवर लादून किंवा टोचन करून न्या. अपॉइंटमेंटची पावती जवळ असू द्या, पण ती पावती पासिंगच्या जागी चालत नाही.

सरकारनं काय करायला हवं?

ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं मालकानं सरकारला फुकटात कळवायची सोय आहे. तेवढा काळ कर नाही, विम्याची सक्ती नाही, वार्षिक तपासणीही नाही. गाडी पुन्हा काढायची असेल तर आधी वेळ ठरवून थेट तपासणी केंद्रापर्यंत चालवत न्यायची मुभा आहे. तिथं तपासणी मुदतीच्या जवळपास महिनाभर आधी केली तरी पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते. म्हणजे लवकर येणाऱ्याचं नुकसान नाही.

आपल्याकडं कोरोनात हेच तत्त्व एकदा मान्य झालं होतं. गाड्या बंद होत्या म्हणून १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या कागदांची मुदत केंद्रानं वाढवत वाढवत ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत नेली. गाडी बंद असल्याचं सरकारला तेव्हा पटलं, मग ऊसवाल्याच्या उभ्या ट्रकचं का पटू नये?

मागणी फार मोठी नाही. ज्या मालकानं आधी नॉन-यूज कळवलं आणि गाडी खरंच उभी ठेवली, त्याला तेवढ्या दिवसांचं उशिराचं शुल्क लावू नये. पासिंग मात्र रस्त्यावर येण्याआधी सक्तीचंच असावं, त्यात सूट नको. करासाठी जी नोंद आरटीओकडं असतेच, तीच इथं वापरायची आहे. दरवेळी मोर्चा, मग स्थगिती, मग पुन्हा आदेश, यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी आणि वाहतूकदार संघटनांनी एवढी एक दुरुस्ती लावून धरली तरी हजारो मालकांचा ताप वाचेल.

तोवर नियम आहे तो आहे. गाडीला झाकायला ताडपत्री काढाल तेव्हा कागदांची पिशवीही एकदा काढून तारखा बघा.